समुद्रानें परत केलेलें

सातपुड्याच्या बाजूला, तापीच्या खोऱ्यांत वसलेल्या आमच्या पुरुषोत्तमनगराहून समुद्र बराच दूर आहे. येथील पुष्कळ विद्यार्थ्यांनीं तो चित्रांतच पाहिलेला असतो. दुसऱ्या महायुद्धाविषयीं वर्गांत बोलत असतां, इंग्लंडनें समुद्रतळांतून वर काढलेल्या एका जर्मन विमानाची हकीकत मीं एकदां सांगितली. त्यावर एका विद्यार्थ्यानें सरळ विचारलें, "सर, शत्रूचें मोडकें विमान वर काढून त्यांना मिळालें तरी काय?" प्रश्न उद्धट नव्हता, व्यवहारी होता. त्यामुळेंच त्याचें उत्तर तेथल्या तेथें देणें मला जड गेलें. तें उत्तर आतां येथें जुळवून पाहतों.

तें विमान डॉर्नियर 17 या जातीचें, बाँब टाकणारें. 26 ऑगस्ट 1940 रोजीं, ब्रिटनच्या आकाशांत चाललेल्या त्या प्रसिद्ध संग्रामांत, तें पाडलें गेलें आणि केंटच्या किनाऱ्यापुढील गुडविन सँड्स नांवाच्या वाळूच्या दांड्यावर उतरून बुडालें. आंतील चौघांपैकीं दोघे मृत्यु पावले, दोघे कैद झाले. विमान उलटें होऊन सुमारें 15 मीटर पाण्याखालीं वाळूंत रुतलें, आणि त्या वाळूनेंच त्याला सांभाळलें. या शतकाच्या पहिल्या दशकांत वाळू सरकून तें उघडें पडलें. पाणबुड्यांनीं त्याचा शोध घेतला आणि 10 जून 2013 रोजीं तें वर आलें. या जातीचीं हजारांवर विमानें बनलीं होतीं. त्यांपैकीं इतक्या पूर्ण स्थितींत उरलेलें हें एकच.

परंतु वर काढणें हा कार्याचा लहानसा भाग होता. धातूंत मुरलेले समुद्राचे क्षार उघड्या हवेंत येतांच त्या धातूला वेगानें खाऊं लागतात. सत्तर वर्षांत समुद्राला जें साधलें नाहीं, तें किनाऱ्यावर थोडक्या काळांत होऊन गेलें असतें. म्हणून कॉसफर्ड येथें, रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयांत, विमानावर बोगद्यासारखें आच्छादन उभारण्यांत आलें आणि आंत सौम्य सायट्रिक आम्लाचे तुषार सोडण्यांत आले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील शास्त्रज्ञांनीं ही योजना सिद्ध केली होती. हा अभिषेक वर्षाहून अधिक काळ चालला. सायट्रिक आम्ल म्हणजे आपल्या लिंबांतलें आम्ल; कारखान्यांत तें उसाच्या मळीवर एक प्रकारची बुरशी वाढवूनहि काढतात. ऊस पिकविणाऱ्या घरांतील आमच्या मुलांना विमानापेक्षांहि हाच तपशील अधिक आवडला.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. 14 एप्रिल 1944 रोजीं दुपारीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकिन' नांवाच्या जहाजाला आग लागली. त्याच्या पोटांत कापसाच्या गांठी आणि सुमारें चौदाशें टन स्फोटक द्रव्यें शेजारीं शेजारीं भरलेलीं होतीं. चार वाजल्यानंतर अर्ध्या तासाच्या आंत दोन स्फोट झाले. त्यांचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकानें नोंदला. आठशेंहून अधिक माणसें मेलीं. त्यांत आग विझवितांना प्राण दिलेले अग्निशामक दलाचे 66 जवान होते. जहाजावर सोन्याच्या 124 विटाहि होत्या. त्यांतल्या कांहीं गाळ उपसतांना 1970 नंतरच्या दशकांतहि सांपडल्या, आणि सांपडतांच त्यांची बातमी झाली. युद्ध चालूं होतें, बंदर मोकळें करणें अवश्य होतें. सात महिन्यांत हजारों माणसांनीं तें केलें, याबद्दल त्यांचे आभारच मानावे. तथापि सोनें सांपडलें म्हणजे आपण थांबून पाहतों आणि वाकलेल्या लोखंडाकडे कोणी पाहत नाहीं, हेंहि खरें.

'विक्रांत'ची कथा तर समुद्रांत बुडालेल्या वस्तूची नव्हेच. या नौकेची बांधणी महायुद्ध चालूं असतां, 1943 सालीं, इंग्लंडांत सुरू झाली. 1961 सालीं ती भारतीय नौदलांत आली. 1971 च्या युद्धांत तिच्यावरून उडालेल्या सी हॉक व अलिझे विमानांनीं चितगांव आणि कॉक्स बाझार येथें हल्ले केले. 1997 सालीं ती निवृत्त झाली, मुंबईंत कांहीं वर्षें संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि अखेर 2014 सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीनें तिचें तोडकाम सुरू झालें. देखभालीचा खर्च जड झाला होता, हें कारण खोटें नव्हतें. त्या जातीचीं विमानें गोव्याच्या नौसैनिक संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्यांना वाहणारी नौका मात्र आतां दिसणार नाहीं.

आपल्याकडे 1972 चा पुराणवस्तूंविषयींचा कायदा आहे. त्याप्रमाणें सामान्यतः शंभर वर्षें पुरीं झाल्यावांचून वस्तु पुराणवस्तु ठरत नाहीं. 1944 सालची वस्तु या हिशेबानें 2044 सालीं आदरास पात्र होणार! शेतांत शिवकाळची तोफ सांपडली तर गांव गोळा होतें, हळदकुंकू वाहतें. पण वस्तूच्या आयुष्यांत एक कठीण काळ असतो: तिचा उपयोग संपलेला असतो आणि तिचें प्राचीनत्व अद्याप आलेलें नसतें. या काळांत तिला वाचविणारा कायदा नसतो, भक्तहि नसतो. असतो तो फक्त तराजू. जी तोफ आज आपण पुजतों, तीहि कधींतरी या काळांतून कोणाच्या तरी विसरण्यामुळेंच सुटलेली असते. इंग्लंडच्या लोकांनीं हें काम विसरण्यावर सोंपविलें नाहीं. ज्यानें आपल्या गांवांवर बाँब टाकले, तें विमानहि घडलेल्या गोष्टीचा साक्षी आहे, आणि साक्षी शत्रुपक्षाचा असला तरी त्याला मरूं देऊं नये, एवढें त्यांनीं ओळखलें. त्यांना मिळालें तें हें.

पुढच्या तासाला मीं हें त्या विद्यार्थ्यास सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आमच्या आजोबांचा गुऱ्हाळाचा लोखंडी चरक होता, सर. गेल्या दिवाळींत भंगारवाल्याला दिला." वजनावर किती पैसे आले, हें मीं त्याला विचारलें नाहीं. चरकाची आठवण लिहून आण, एवढेंच सांगितलें.