हमी नव्हे, आश्वासन

सोव्हिएत संघ विघटित झाला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर सुमारे १,९०० सामरिक अण्वस्त्रे उरली होती. ती देऊन टाकणे हा मूर्खपणा होता, असे आम्ही मानत नाही. डागण्याची सूत्रे मॉस्कोकडेच होती. उणीव होती मोबदल्यात. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे अमेरिका, ब्रिटन व रशिया यांनी युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचे वचन दिले. युक्रेनला हवी होती हमी. अमेरिकेने आग्रहाने शब्द ठेवला ‘आश्वासन’, कारण हमीत सैन्य पाठविण्याचे दायित्व येते. वचनभंग झाल्यास दाद कोठे मागावी? तरतूद केवळ सल्लामसलतीची. जून १९९६ पर्यंत सर्व अस्त्रे रशियात पोहोचली. २०१४ च्या मार्चमध्ये, क्रिमियात रशियाचे सैनिक असताना, ती सल्लामसलत पॅरिस येथे ठरली. रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह त्याच शहरात होते. बैठकीस गेले नाहीत.