बैल खरंच 1 लाख 80 हजार होते का?

नव्यानं पीएच.डी.ला लागलेले मित्र एक प्रश्न हमखास विचारतात : म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीला पुरावा म्हणायचं का? मला याचं उत्तर नीट कळलं ते यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बंजारा तांड्यावर, आणि तेही स्वतःच्या चुकीमुळे.

आधी थोडी पार्श्वभूमी. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागात बंजाऱ्यांचे पुष्कळ तांडे आहेत. आज ती कायमची वस्ती आहे, पण पूर्वी तांडा म्हणजे बैलांचा चालता काफिला. राजस्थानशी नातं सांगणारी गोरबोली बोलणारे हे लोक बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेत. या व्यापाराला ते लदेणी म्हणतात. वऱ्हाडचा कापूससुद्धा बैलांच्या पाठीवरून पार मिर्झापूरपर्यंत जात असे. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि लदेणीचे दिवस भरले. हळूहळू तांडे जमिनीवर स्थिरावले.

मी ज्या आजोबांकडे गेलो ते ऐंशीच्या पुढचे. रेकॉर्डर सुरू केला आणि त्यांनी जंगी-भंगी नायकांची गोष्ट काढली. मोगलांचा आसफखान दख्खनवर चालून आला, तेव्हा फौजेचं धान्य या नायकांच्या 1 लाख 80 हजार बैलांवर होतं. खूश होऊन त्यानं सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला. मी मध्येच तोंड घातलं, ‘आजोबा, हे पुस्तकात आहे. पण आकडा जरा फुगवलेला वाटतो.’

ते थांबले. म्हणाले, ‘बुकात आहे, त मले कायले इचारतं?’

त्या दिवशीचं रेकॉर्डिंग तिथंच संपलं.

घरी येऊन ‘ते पुस्तक’ पुन्हा उघडलं. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ, 1916 चा. त्यातलं बंजाऱ्यांवरचं प्रकरण मुख्यतः कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याच्या टिपणावर उभं आहे. हा अधिकारी वऱ्हाड पोलिसातला. जंगी-भंगींची गोष्टही त्या प्रकरणात कंबरलेजच्या हवाल्यानंच येते. म्हणजे ज्या छापील ओळीच्या जोरावर मी आजोबांना दुरुस्त करत होतो, तीही शेवटी ऐकीवच होती! फरक एवढाच, की ती पोलीस खात्याच्या वाटेनं कागदावर आली. 1871 च्या कायद्यानं सरकार अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवू लागलं, तो हा काळ. कायदा 1952 साली गेला, पण महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. माहिती कोण गोळा करतं आणि कशासाठी, हे इथं विसरून चालत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. छापलेली गोष्ट पुस्तिकांतून, भाषणांतून, आता मोबाईलवरून पुन्हा तांड्यावर परत येते. म्हणून ‘तुम्हाला काय आठवतं?’ एवढं विचारून भागत नाही. ‘हे कोणाच्या तोंडून ऐकलं?’ हेही विचारावं लागतं.

आता आकड्याचं. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला 1632 मध्ये उत्तरेत भेटलेल्या तांड्यात 14 हजार बैल होते. तेव्हा 1 लाख 80 हजार ही मोजदाद म्हणून मान्य करणं अवघडच. पण मग ती फेकून द्यायची का? इटलीच्या तेर्नी गावात लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार 1949 मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीनं मेला. पुढं अनेक कामगारांनी मात्र हा मृत्यू 1953 च्या कामगारकपातीच्या संघर्षात घडल्याचं सांगितलं. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकानं ही चूक खोडली नाही. ती का झाली हे शोधलं. ज्या लढ्यात गावानं सगळ्यात जास्त गमावलं, तिथं तो मृत्यू लोकांनी नेऊन ठेवला होता.

आजोबांचा आकडाही मला तसाच वाटतो. पुढं ज्यांच्याकडे संशयानं पाहिलं गेलं, ते सांगताहेत की एके काळी आमच्या बैलांशिवाय बादशहाची फौज हलत नव्हती. हा आकडा बैलांचा नाही, मानाचा आहे.

पुन्हा गेलो तेव्हा ताम्रपटाचं नाव काढलं नाही. ‘लदेणीतलं घरात काही उरलं होतं का?’ एवढंच विचारलं. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, एक गोणी होती. त्यांच्या आजाचा बाप तिच्यातून मीठ आणायचा. आजानं वावर केलं आणि तिच्यात पेरणीचं बी ठेवलं. हे त्यांनी खुद्द आजाकडून ऐकलेलं.

व्यापारी शेतकरी कसा झाला, हे त्या एका गोणीत आलं. कंबरलेजच्या टिपणात ती नाही, आणि मी पहिल्या दिवसाच्या तोऱ्यात राहिलो असतो तर माझ्या प्रबंधातही आली नसती.

म्हणून मित्रांनो, वाचून जरूर जा. फक्त समोरच्याची परीक्षा घ्यायला जाऊ नका. कागद उद्याही कपाटात सापडेल. आजाकडून ऐकलेलं सांगणारी ही माणसं मात्र आता थोडीच उरली आहेत.