एक इंजिन, दोन बैठका

ऊसतोडणीच्या हंगामात नगर-मनमाड रस्ता सोडून देवळाली प्रवरेकडे वळले, की दुचाकीस्वाराला दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे रेंगाळावे लागते. मोटारसायकलची बैठक न्याहाळायला ही संथ गती बरी.

2001 साली बजाजने कावासाकीच्या सहकार्याने एलिमिनेटर ही क्रूझर आणली. त्याच वर्षी स्पोर्ट्‌स बाइकच्या वळणाची पल्सरही आली. एलिमिनेटर महाग होती. 2005 मध्ये त्याच घडणीच्या देहात पल्सरचे 180 सीसीचे इंजिन बसवून अ‍ॅव्हेंजर तयार झाली. तुलनेसाठी इतकी सोयीची सामग्री इतिहासात क्वचितच हाती लागते.

अ‍ॅव्हेंजरच्या चाकांमधले अंतर अधिक, पुढचा फोर्क अधिक कललेला, आसन खाली. त्यामुळे सरळ रस्त्यावर ती ठाम राहते, वळणावर मात्र आळसावते. पल्सरवर गुडघे टाकीला बिलगतात, अंग किंचित पुढे झुकते आणि ट्रॅक्टरशेजारची फट साधून ती निसटते. घोडेस्वारीतला ‘मांड’ हा शब्द येथे आठवावा. पल्सरची मांड मोहिमेवर निघालेल्याची. अ‍ॅव्हेंजरची, मुक्कामी पोहोचून लोडाला टेकलेल्याची. जाहिरातींनीही एकीबरोबर पुरुषत्व विकले, दुसरीबरोबर (जरा अतीच झाले) देवपण! खप मात्र पल्सरचाच कितीतरी मोठा. गावाबाहेर पडू पाहणाऱ्या तरुणाला पोहोचल्याचा आव परवडत नसावा, असे मला वाटते.

शिवाय खड्डे आहेतच. पल्सरवाला पायांवर भार घेऊन किंचित उठतो; पाय पुढे पसरलेल्या क्रूझरवाल्याला तो हिसका थेट कण्यात घ्यावा लागतो.