भेटकलम

गेल्या वर्षी दिवाळी आटोपली आणि आमच्या सुरतेच्या घरामागची बाग नव्याने करून घ्यायचे ठरले. ठरले म्हणजे मुलाने व सूनबाईंनी ठरवले आणि मी मान डोलावली. घर अडाजण भागात, तापीच्या उजव्या तीरावर. मागे चाळीस फूट बाय पंचवीस फूट जागा. तिथे एक चिकू, एक शेवगा, पारिजातक, जास्वंद, कढीपत्ता, कुंपणाशी गवती चहा आणि जिथे जागा मिळेल तिथे सदाफुली. ही बाग हिच्या हातची. तिला जाऊन आता चार वर्षे झाली. माझ्या हातून पाणी घालण्यापलीकडे काही झाले नाही, म्हणून बागेचे रान झाले होते, हेही खरे.

बाग करून देणारा गृहस्थ तरुण होता, नवसारीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला. माझी समजूत होती की हा येईल, हिरवळीची गुंडाळी अंथरील, चार ताडमाड उभे करील आणि बिल देईल. पण त्याने पहिल्या दिवशी एकही झाड पाहिले नाही. कोपऱ्यात हातभर खोल खड्डा खणला, पाण्याने भरला आणि घड्याळ लावून बसला. संध्याकाळपर्यंत खड्ड्यात पाणी तसेच. म्हणाला, "काका, ही काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, पाणी खाली जाऊ देत नाही. तुमची झाडे रोगाने नाही मरत, बुडून मरतात." सुरतेचा पाऊस वर्षाला सुमारे १२०० मिलिमीटर, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. तेव्हा आधी जमिनीला उतार, मग खडी घातलेला चर, मग वाळू, शेणखत व लाल माती मिसळलेला थर, आणि सर्वांत शेवटी झाड. ३४ वर्षे इतिहास शिकवलेल्या मला हा क्रम एकदम पटला. आधी पाया, मग पात्रे.

दुसऱ्या दिवशी त्याने यादी आणली. दोन रकाने होते : राहणारी झाडे आणि जाणारी झाडे. जाणाऱ्यांत पहिले नाव चिकूचे. "आ तो काढवुं ज पडशे, काका." निम्मे ऊन हेच झाड खाते, फळांवर वटवाघळे येतात, फरशीवर डाग पडतात. सूनबाईंनी आणखी एक कारण जोडले. "बाबा, आता सगळीकडे देशी झाडेच लावतात. पक्ष्यांना, फुलपाखरांना तीच चांगली. चिकू तर परदेशी आहे."

कारण खोटे नव्हते. चिकू मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचा आणि त्याचे नावही तिकडूनच आलेले. मी गप्प राहिलो. पण 'देशी' हा शब्द डोक्यात घोळू लागला, आणि त्यावरून मला कतारगाम दरवाज्याजवळची एक कबर आठवली.

आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेतून मी दरवर्षी मुलांना त्या भागातली जुनी कबरस्थाने दाखवायला नेत असे. कारण अर्थातच शिवाजी महाराज. जानेवारी १६६४ च्या स्वारीत इंग्रजांची वखार राखून बसलेला सर जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली सुरतेतच वारला. त्याची कबर पाहिली की पाठ्यपुस्तकातली ओळ मुलांना खरी वाटे. त्यानंतर जवळच्या डच कबरस्थानातली दुमजली, घुमटाची भव्य वास्तू यायची. ती हेंड्रिक व्हान रेडे याची. आडनाव ऐकून मुले खो खो हसत, आणि ऊन वाढले म्हणून मीही पुढे चालू लागे. इतकी वर्षे मी त्या माणसाला एका हशावर सोडून दिले, याची आज खंत वाटते. कारण बागेचा इतिहास सांगायचा तर सुरतेत त्याच्याइतका अधिकारी पुरुष दुसरा पुरलेला नाही.

व्हान रेडे हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. १६७० ते १६७७ पर्यंत तो कोचीनला मलबारचा प्रमुख होता. आपल्या लोकांना लागणारी औषधे युरोपातून मागवावी लागतात. पण तशाच, किंबहुना अधिक गुणकारी वनस्पती इथल्या रानात असताना ही यातायात कशासाठी, असा त्याचा प्रश्न होता. त्याने माणसे रानोमाळ धाडली. ज्या ऋतूत जे पान, फूल, फळ मिळेल ते आणवले, चित्रकारांकडून त्याची चित्रे काढवली. या कामाचा कणा होता इट्टी अच्युतन नावाचा एळवा समाजातला वैद्य. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले ज्ञान त्याने मलयाळममध्ये सांगितले, त्याचे पोर्तुगीज झाले आणि शेवटी लॅटिन. त्यातून 'होर्तुस मलबारिकुस', म्हणजे 'मलबारची बाग', हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात सुमारे ७४० वनस्पतींची वर्णने आहेत. पुढच्या शतकात लिनियसने जगातल्या वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा मलबारच्या झाडांसाठी त्याने हाच ग्रंथ हाताशी धरला. व्हान रेडेला मात्र शेवटचे खंड पाहायला मिळाले नाहीत. कंपनीच्या वखारींची तपासणी करीत तो कोचीनहून सुरतेला निघाला असता डिसेंबर १६९१ मध्ये जहाजावरच वारला. देह सुरतेत आणून पुरला.

आपल्या वाचकांना ज्याचे विशेष वाटेल ती गोष्ट पुढेच आहे. या ग्रंथाच्या पहिल्या खंडात कोचीनच्या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांची साक्ष छापली आहे. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट ही त्यांची नावे. साक्ष १६७५ सालची, कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत. चित्रांवरही झाडाचे नाव लॅटिन, मलयाळम, अरबी अशा लिप्यांबरोबर नागरीत कोरलेले आहे. श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले, त्याच्या सव्वाशे वर्षे आधी आपली अक्षरे ॲमस्टरडॅमच्या छापखान्यातून बाहेर पडली होती, आणि ती कुणा राजाच्या आज्ञेची नव्हेत, तर झाडांच्या नावांची. या वैद्यांचे पूर्वजही गोमंतकातून कोचीनला जाऊन राहिलेले. परमुलखात राहून घरची भाषा सांभाळणारी माणसे. त्यांची अडचण आणि त्यांची श्रीमंती, दोन्ही आपल्याला सांगायला नकोत.

आता या 'मलबारच्या बागे'त काय काय आहे ते पाहू. त्यात आपल्याकडची असंख्य झाडे आहेतच, पण काजू आहे, पपई आहे, अननस, पेरू आणि सीताफळही आहे. ही सारी अमेरिका खंडातली. पोर्तुगीज १५०० साली ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांच्या आत त्यांची गलबते जे घेऊन आली ते मलबारच्या परसात इतके रुजले की इथल्या वैद्यांनी ते आपल्यातच मोजले. मात्र कुठून आले ते विसरले नाहीत. काजूला मलयाळममध्ये 'कप्पलमावु' असे एक नाव आहे, म्हणजे गलबतातून आलेला आंबा. पाहुण्याला घरात घेतले आणि त्याची वाट त्याच्या नावात लिहून ठेवली.

आपले अंगण तरी निराळे कुठे आहे? दसऱ्याला दारावर लागणारा झेंडू, ज्याला इथे गलगोटा म्हणतात, तो मेक्सिकोचा. देवळापुढचा खुरचाफा अमेरिकेचा, बोगनवेल ब्राझीलची. सदाफुली, इथली बारमासी, मादागास्करची, गुलमोहरही तिकडचाच. देशी-परदेशी असा निवाडा करायला बसलो तर देवाच्या परडीतली निम्मी फुले बाहेर काढावी लागतील. देशी झाडे लावण्यामागचा हेतू चांगला आहे, पक्ष्यांचे म्हणणेही खरे आहे. पण 'आलेले' आणि 'उपरे' हे दोन शब्द एक नव्हेत, एवढेच मला म्हणायचे होते.

आणि हे मला का लागले, तेही सांगतो. आमचा चिकू उंबरगावचा. हिचे माहेर तिथले. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्य मोडले, तेव्हा ठाणे जिल्ह्यातला उंबरगावचा मुलूख गुजरातेत आला. ही तेव्हा दहा वर्षांची. "आम्ही कुठे गेलो नाही, राज्यच आमच्या दारावरून गेले," असे ती म्हणत असे. मी नंदुरबारचा. नोकरीसाठी ताप्ती व्हॅली लाइनच्या गाडीने सुरतेला आलो तो इथलाच झालो. १९८५ साली हे घर बांधले, तेव्हा तिच्या भावाने चिकूचे कलम गोणपाटात बांधून आणले आणि मी नंदुरबारहून शेवग्याचा दांडा आणला. आम्हाला बिऱ्हाड थाटून चारच वर्षे झाली असतील तोवर गल्लीतले लोक आम्हाला 'चिकूवाळा' म्हणू लागले होते.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडले आणि तापीने सुरत बुडवली. आमच्या अंगणात पुरुषभर पाणी होते. ओसरले तेव्हा वीतभर गाळ राहिला. बागेत तगली दोनच झाडे, चिकू आणि शेवगा. बाकीची बाग हिने मागून आणून पुन्हा उभी केली. पारिजातकाचे रोप समोरच्या बांनी दिले. जास्वंदीची फांदी मागच्या गल्लीतल्या ओडिया कुटुंबाकडची. गवती चहाचा ठोंब एका काठेवाडी भाभींनी दिला. त्या त्याला 'लीली चा' म्हणत, म्हणून आमच्याही घरात तेच नाव पडले. पुरानंतर कुणाकडे धान्य नव्हते, गाद्या नव्हत्या, पण ज्याच्याकडे जे जगले होते त्याची फांदी तो देत होता.

हे सारे मी त्या तरुणाला सांगितले. कबर, ग्रंथ, पूर, सगळे. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग काही न बोलता चिकूजवळ गेला, गुडघ्यांवर बसला, बुंध्याजवळची माती हाताने बाजूला केली आणि मला बोलावले. "काका, हात लावा." जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला एक वळी होती. तिच्यावरची साल एका जातीची, खालची दुसऱ्या.

"खालचे झाड चिकू नाही. रायण आहे."

चाळीस वर्षे त्या झाडाखाली बसून मला हे ठाऊक नव्हते. चिकूचे कलम रायणीवर बांधतात. रायण, जिला आपण खिरणीही म्हणतो, ती इथली, गुजरातच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या उभी. चिकू तिच्याच कुळातला. रायणीचे रोप कुंडीत वाढवून चिकूच्या फांदीपाशी नेतात. दोघांची थोडी थोडी साल तासतात, जखमेला जखम लावून घट्ट बांधतात. काही महिन्यांत दोन्ही सांधली की वरून रायणीचा शेंडा छाटायचा आणि खालून चिकूची फांदी आईपासून तोडायची. याला भेटकलम म्हणतात. मूळ इथले, काटक. फळ दूरदेशीचे, गोड. "तुमचे झाड पुरात का टिकले? मूळ रायणीचे होते म्हणून," तो म्हणाला. मग स्वतःच हसला, कारण त्याने लावायच्या देशी झाडांची जी यादी केली होती, तिच्यात रायण वरच होती.

चिकू राहिला. त्याच्या खालच्या फांद्या विरळ केल्या, म्हणजे ऊन खाली उतरेल. त्याच्याखाली हिरवळ न करता सावलीतली झाडे लावली. पारिजातक व जास्वंद मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्यासकट उचलून, गोणपाटात बांधून, एक तृतीयांश छाटून नव्या जागी बसवली. शेवगा मात्र गेला. खोड आतून पोकळ झाले होते आणि घराच्या भिंतीपासून ते दोन हातांवर होते. तो तोडताना मी घरात बसून राहिलो. दोन दांडे काढून कुंपणाशी लावले, त्यातला एक फुटला आहे.

सदाफुलीचे कुणाच्या ध्यानातच राहिले नाही. दोन्ही रकान्यांत तिचे नाव नव्हते. संध्याकाळी पाहिले तर एकही रोप नाही. माझा चेहरा पाहून कामावरची बाई जरा बावरली. तीही नंदुरबारकडचीच, लिंबायतला राहणारी. "बाबा, टाकून देणार होते ना? मी नेली. डब्यांत लावलीय दारापुढे."

बाग पुरी झाल्यावर त्या तरुणाने मोठ्या कागदावर आखलेला नकाशा दिला. प्रत्येक झाडापुढे लॅटिन नाव नीट लिहिलेले. मी त्याच्या शेजारी रकाने आखले. एकात मराठी नाव, दुसऱ्यात गुजराती, तिसऱ्यात 'कोणी दिले'. वाचकहो, तुमच्याही अंगणात कधी कुदळ पडायची असेल. बाग बदलावीच लागते, तक्रार नाही. पण आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून हे तीन रकाने भरून घ्या. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट यांनी झाडांच्या नावांखाली आपली साक्ष घातली, म्हणून साडेतीनशे वर्षांनी आपल्याला ते भेटतात.

सदाफुलीसाठी मला चौथा रकाना काढावा लागला : 'कोणी नेले'. त्यात लिंबायत लिहिले आहे.