वायफाय मागच्या खोलीत येत नाही? रिपीटर घेण्याआधी हे तपासा

गावोगावी फायबरची लाइन पोहोचली, तरी ओसरीत फुल्ल असलेली रेंज माजघरात गेली की एका कांडीवर येते. शिष्यवृत्तीचा नाहीतर पीकविम्याचा फॉर्म शेवटच्या दिवशी भरायला बसल्यावर हे फार महागात पडतं.

दोष लाइनचा की वायफायचा, हे आधी ठरवावं. मोबाइल घेऊन राऊटरपासून दोन-तीन फुटांवर उभं राहून नेट चालवून बघावं. तिथेही गोल गोल फिरत असेल तर बहुतेक दोष लाइनचाच. डब्यावरचा ‘एलओएस’चा दिवा लाल लागला असेल तर फायबर तुटलेली किंवा दबलेली असू शकते. त्यावर घरी इलाज नाही, लाइनमनलाच फोन करावा.

जवळ चांगलं चालतं आणि आत गेलं की बंद पडतं, तर दोष राऊटरच्या जागेचा. बसवणारा माणूस वायर जिथून आत येते तिथेच दाराशी खिळा ठोकून मोकळा होतो. मग मध्ये दगडामातीची जाड भिंत, लोखंडी कपाट, पत्र्याचं पार्टिशन येतं. धातूचा पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. म्हणून राऊटर धान्याच्या कोठीवर, टीव्हीमागे किंवा पाण्याच्या टाकीशेजारी ठेवू नये. घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, मोकळा टांगावा. त्यासाठी केबल आतपर्यंत ओढून घ्यावी लागली तरी चालेल.

अनेक राऊटरवर वायफायची दोन नावं दिसतात. शेवटी ‘५जी’ असलेलं ५ गिगाहर्ट्झचं. मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही. ते वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर हात टेकतं. मागच्या खोलीसाठी दुसरं, २.४ गिगाहर्ट्झचं नाव जोडावं.

एवढं करूनही जमलं नाही तरच रिपीटर. तो रेंज नसलेल्या खोलीत लावून उपयोग नाही, कारण त्यालाच सिग्नल मिळत नाही. जिथे निम्मी रेंज येते तिथे लावावा. साध्या रिपीटरने वेग जवळपास अर्ध्यावर येतो, हेही धरून चालावं. मोठ्या वाड्यात लॅन केबल टाकून दुसरा राऊटर लावणं जास्त भरवशाचं. ही केबल १०० मीटरपर्यंत नीट चालते.

लाइट गेल्यावर नेट जात असेल तर राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना अॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून बघावेत.