प्रबंधांचे कपाट आणि त्याची किल्ली

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. १६४९ व १६५४ साली पुढील आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो नकलून ठेवलेल्या हस्तलिखितांमुळे. त्यांच्याच आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला. देवनागरी प्रत तर थेट लंडनच्या मार्स्डेन संग्रहात सापडली! ज्या ग्रंथाच्या नकला अनेक हातीं असतात, तो सहसा नष्ट होत नाही, हे आम्ही यावरून जाणतो.

म्हणूनच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांचे आम्हांस मोल वाटते. पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत आयोगाकडे देणे त्यांनी बंधनकारक केले; ‘शोधगंगा’ हे त्या प्रबंधांचे भांडार. त्यापूर्वी प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात बसत आणि किल्ली ग्रंथपालाकडे असे. नवी मुंबईसारख्या १९७० नंतर वसलेल्या, जुन्या ग्रंथालयांचा वारसा नसलेल्या नगरात हा फरक विशेष जाणवतो. नेरुळचा विद्यार्थी आता घरी बसून दूरच्या विद्यापीठातील प्रबंध वाचू शकतो.

परंतु सारेच उघडावे काय? याच नगरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या आंदोलनावर जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. त्या गावांतील एखाद्या वृद्धेने संशोधकाला विश्वासाने सांगितलेले घरचे दुःख नावगावासह जगापुढे मांडण्याचा अधिकार संशोधकाला कोणी दिला? धर्मग्रामातील स्नानसंस्काराच्या व विवाहाच्या नोंदवह्या आम्हीही कोणाच्याही हाती देत नाही. प्रबंध खुला असावा, मुलाखतींची मूळ टिपणे राखीव असावीत, असे आमचे मत आहे. ग्रंथप्रकाशनासाठी किंवा पेटंटसाठी काही काळ प्रबंध रोखून धरण्याची मागणीही आम्हांस रास्त वाटते. (पर्यवेक्षकाची अब्रू झाकण्यासाठी मात्र नव्हे.)

मात्र कुलुपावर तारीख हवी. बारावे पायस १९५८ साली निवर्तले. त्यांच्या कारकिर्दीची व्हॅटिकनमधील कागदपत्रे संशोधकांना खुली झाली २ मार्च २०२० रोजी. महायुद्धातील ज्यूंच्या संहाराच्या काळात पोपमहोदयांनी काय केले, हे विचारणारे कितीतरी साक्षीदार त्या बासष्ट वर्षांत उत्तराविना गेले.