कंट्री संगीत : एकाकीपणाचा साधा सूर

अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीत म्हटले की आपल्यासमोर काऊबॉयची टोपी आणि गिटार एवढेच येते. प्रत्यक्षात १९४० ते १९८० या त्याच्या अभिजात कालखंडाचा स्थायीभाव विरह हा आहे. हा विरह केवळ प्रियजनाचा नाही, तर सुटलेल्या गावाचाही आहे.

उगम

युरोपीय स्थलांतरितांची कथागीते, कृष्णवर्णीयांचे ‘ब्लूज’ आणि चर्चमधील भक्तिगीते यांच्या मिश्रणातून अमेरिकेच्या दक्षिण भागात हे संगीत घडले. १९२७ साली ब्रिस्टल येथे राल्फ पीअर यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांतून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स पुढे आले. कार्टर कुटुंबाच्या गाण्यांत घर होते, तर रेल्वेत ब्रेक्समन म्हणून राबलेल्या रॉजर्स यांच्या गाण्यांत घर सोडून निघालेला भटक्या होता. क्षयाने १९३३ साली, वयाच्या ३५ व्या वर्षी रॉजर्स यांचे निधन झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतील असंख्य कुटुंबे कामासाठी औद्योगिक शहरांत गेली. कामगारवस्तीतील मद्यगृहांत, म्हणजेच ‘हाँकी टाँक’मध्ये, ज्यूकबॉक्सवर ही गाणी वाजू लागली. एकटेपणाचे गाणे गर्दीत ऐकले जाऊ लागले. आपले दु:ख इतरांचेही आहे, एवढा दिलासा त्यातून मिळत असे.

हँक विल्यम्स

या परंपरेचे सर्वांत मोठे नाव म्हणजे अलाबामाचे हँक विल्यम्स. रुफस पेन या कृष्णवर्णीय रस्त्यावरच्या गायकाकडून त्यांनी संगीताचे धडे घेतले. ‘आय अॅम सो लोन्सम आय कुड क्राय’ हे त्यांचे १९४९ सालचे गाणे संथ वॉल्ट्झच्या तालात आहे. त्यात तक्रार जवळजवळ नाही. पक्षी, रात्र, आगगाडी यांच्याकडे पाहणारा एक माणूस आहे. पाठीचा जन्मजात विकार, मद्यपान आणि १९५२ मधील घटस्फोट यांनी ते खचले. १ जानेवारी १९५३ रोजी, कार्यक्रमाला जाताना मोटारीतच, अवघ्या २९ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. ‘युअर चीटिन हार्ट’ त्यांच्या मृत्यूनंतर लोकप्रिय झाले. मात्र व्यसनाला प्रतिभेचे मोल समजणे ही त्यांच्या गाण्यांची चुकीची समजूत ठरेल.

स्त्रियांचा आवाज

आरंभीच्या अनेक गाण्यांत दु:खी पुरुष आणि बेइमान स्त्री असेच चित्र असे. १९५२ साली किटी वेल्स यांनी अशाच एका गाजलेल्या गाण्याला उत्तर देत, स्त्री बिघडते त्यात पुरुषाचाही वाटा असतो, असे ठणकावले. बिलबोर्डच्या कंट्री यादीत अव्वल ठरलेल्या त्या पहिल्या एकल गायिका होत. पुढे पॅट्सी क्लाइन यांनी विली नेल्सन यांचे ‘क्रेझी’ १९६१ मध्ये गायले. त्यात स्वत:चा वेडेपणा मान्य करणारी, पण न कोसळणारी स्त्री भेटते. १९६३ मधील विमान अपघातात, वयाच्या ३० व्या वर्षी त्या गेल्या.

साधेपणाचे सामर्थ्य

तीन-चार कॉर्ड, बोलीतले शब्द आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारे स्टील गिटार, एवढीच या संगीताची साधने. हवाईतून आलेल्या या वाद्याची मींड हुंदक्यासारखी वाटते. गायकही शब्दावर आवाज किंचित मोडू देतो. दु:खाचे वर्णन करण्याऐवजी तो एखादी घटना सांगतो. जॉर्ज जोन्स यांचे १९८० मधील ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ हे याचे उत्तम उदाहरण. गाण्यातील प्रियकराचे प्रेम थांबते ते त्याच्या मृत्यूने, हे ऐकणाऱ्याला हळूहळू उमगते. हे गाणे फारच उदास आहे, ते चालणार नाही, असे जोन्स यांना वाटत होते. श्रोत्यांनी मात्र ते आपलेसे केले.

हे संगीत दु:खावर उपाय सांगत नाही. एकटेपणाची लाज न बाळगता तो चारचौघांत बोलून दाखवता येतो, हे मात्र ते शिकवते. शहरात राहूनही एकट्या पडलेल्या श्रोत्याला ते आजही जवळचे वाटते, ते यामुळेच.